बाससाठी फ्लुरोकार्बन लाइन कशी निवडावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, टेक्सस किंवा कॅलिफोर्नियात राहणारे आणि सुटीच्या दिवशी जवळच्या तलावावर गळ घेऊन जाणारे मराठी वाचक डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. येथे ‘बास’ म्हणजे उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचे लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ हे दोन मासे. हॉटेलांच्या पाट्यांवर ‘सी बास’ म्हणून मिरवणाऱ्या माशांशी त्यांचा संबंध नाही. रॉड आणि रीळ वापरण्याची प्राथमिक माहिती वाचकाला आहे असे गृहीत धरले आहे.

फ्लुरोकार्बन लाइन आणि नेहमीचा नायलॉनचा तंगूस यांत फरक काय?

दोन्ही लाइन एकसंध असतात, म्हणजे एकाच अखंड धाग्याच्या. फरक त्यांच्या मूळ द्रव्यात आहे. फ्लुरोकार्बन लाइन पॉलिव्हिनिलिडीन फ्लुराइड या प्लास्टिकपासून बनते. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये या द्रव्याची मासेमारीची लाइन ‘सीगार’ या नावाने बाजारात आणली. सुरुवातीला ती मुख्यतः गळाजवळच्या तुकड्यासाठी, म्हणजे लीडरसाठी, वापरली जाई, कारण संपूर्ण रीळ भरण्याइतकी ती मऊ नव्हती. रिळावर गुंडाळता येईल अशी लवचीक फ्लुरोकार्बन पुढे आली आणि मगच बास पकडणाऱ्यांत तिचा प्रसार झाला.

व्यवहारात जाणवणारे फरक तीन. पहिला वजनाचा : नायलॉनची घनता सुमारे १.१४, तर फ्लुरोकार्बनची सुमारे १.७८ आहे, त्यामुळे नायलॉन पाण्यात रेंगाळते आणि फ्लुरोकार्बन ठामपणे बुडते. दुसरा पाणी शोषण्याचा : नायलॉन तासाभरात पाणी पिऊन मऊ पडते आणि तिची ताकद काहीशी उतरते, तर फ्लुरोकार्बन कोरडी असताना जशी असते तशीच ओली झाल्यावरही राहते. तिसरा कडकपणाचा, आणि या कडकपणामुळेच तिचे गुण आणि तिच्याविषयीच्या तक्रारी असे दोन्ही उद्भवतात.

ही लाइन पाण्यात खरोखर अदृश्य होते का?

नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला हा दावा अर्धा खरा आहे. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) १.३३, फ्लुरोकार्बनचा सुमारे १.४२ आणि नायलॉनचा १.५३ च्या आसपास असतो. लाइनचा अपवर्तनांक पाण्याच्या जितका जवळ, तितका प्रकाश तिच्यावरून कमी परावर्तित होतो आणि ती कमी उठून दिसते. म्हणून फ्लुरोकार्बन नायलॉनपेक्षा कमी दिसते एवढेच म्हणता येते. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन दोन्हींचे बोटभर तुकडे टाकून पाहा : फ्लुरोकार्बनचा तुकडा फिकट वाटेल, पण दिसेल. तुकडे पृष्ठभागावरच अडकून राहिले, तर भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा. मग कोणता तुकडा तळाकडे आधी जातो हेही त्याच पेल्यात दिसते.

शिवाय गढूळ पाण्यात या गुणाचा उपयोग जवळजवळ नाहीच. न्यू जर्सीतील राउंड व्हॅलीसारख्या खोल आणि नितळ जलाशयात, किंवा झेब्रा आणि क्वागा शिंपल्यांमुळे पाणी निवळलेल्या ईरी सरोवरात, कमी दिसणाऱ्या लाइनचा फायदा मानता येईल. टेक्सससारख्या भागातील चहाच्या रंगाच्या पाण्यात मात्र केवळ ‘दिसत नाही’ म्हणून दुप्पट पैसे मोजणे मला पटत नाही.

मग ती घ्यायची कशासाठी?

तळाशी चाललेले आमिष समजावे म्हणून. बास पुष्कळदा जिग (जड डोक्याचा गळ) किंवा मऊ प्लास्टिकचा किडा खाली बुडत असतानाच तोंडात घेतो, आणि त्या क्षणी लाइन ताणलेली नसते, किंचित सैल असते. नायलॉनचा किंवा तरंगणाऱ्या ब्रेडेड (अनेक तंतू विणून केलेल्या) लाइनचा वाऱ्याने पाण्यावर बाक पडतो, आणि त्या बाकातच माशाची चाहूल विरून जाते. फ्लुरोकार्बन बुडते, त्यामुळे रॉडच्या टोकापासून आमिषापर्यंत ती बरीच सरळ राहते, आणि कडक असल्याने बारीकशी ‘टक्’ही हाताला पोहोचते. खडकावर घासल्यावर होणारी खरखर, चिखलातील जडपणा आणि फांदीवरून घसरताना बसणारा हिसका यांतील फरक नवख्यालाही काही फेऱ्यांत ओळखू येऊ लागतो.

दुसरे कारण घर्षणाचे. तिचा पृष्ठभाग नायलॉनपेक्षा टणक असल्यामुळे खडक, शिंपले आणि बुडालेली लाकडे यांवर घासूनही ती अधिक टिकते. टेक्ससमधील लेक फोर्क हा यासाठी उत्तम नमुना आहे. या जलाशयात धरण बांधताना उभी राहिलेली झाडे पाण्याखाली गेली, आणि राज्याचा १८.१८ पौंडांचा विक्रमी लार्जमाउथ बास १९९२ मध्ये येथेच पकडला गेला. अशा ठिकाणी मासा लागला की तो पहिली धाव खोडाभोवती घेतो, आणि लाइनची परीक्षा तिथेच होते.

ती ताणली जात नाही असे म्हणतात, ते खरे का?

हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. सुरुवातीच्या थोड्या ओढीला ती नायलॉनपेक्षा कमी ताणली जाते, म्हणून ती ‘घट्ट’ वाटते. पण जोर वाढला की तीही चांगलीच ताणते. नायलॉन सोडल्यावर बऱ्याच अंशी मूळ लांबीवर येते, तर मर्यादेपलीकडे ताणलेली फ्लुरोकार्बन तशी परतत नाही, बारीक होते आणि तिथेच कमजोर राहते. म्हणून गळ खोडात अडकल्यावर रॉड वाकवून जोराने ओढत राहिलात आणि शेवटी तो सुटला, तर तेवढ्यावर खूश होऊ नये : शेवटचे दोन-तीन मीटर कापून गाठ नव्याने मारावी. अजिबात ताण नको असेल, तर त्यासाठी ब्रेडेड लाइन आहे.

किती पौंडांची लाइन घ्यावी?

एकच रॉड आणि एकच रीळ असेल, आणि ते बेटकास्टर (फेकताना लाइन गुंडाळलेली फिरकी स्वतः फिरते असे रीळ) असेल, तर १२ पौंडांपासून, म्हणजे सुमारे ५.४ किलोची ओढ सोसणाऱ्या लाइनपासून, सुरुवात करावी. या जाडीवर टेक्सस रिग (गळाचे टोक मऊ किड्यात लपवलेली मांडणी), हलकी जिग आणि बहुतेक क्रँकबेट (ओढल्यावर डुलत खोल जाणारी आमिषे) चालवता येतात, आणि बोटांना गाठीची सवयही लवकर होते.

पुढे गरजेप्रमाणे दोन्ही बाजूंना सरकावे. नितळ पाण्यात ड्रॉप शॉटसारख्या (वजन तळाशी, गळ त्याच्या वर) नाजूक मांडणीसाठी ६ ते ८ पौंड पुरतात, आणि अशा लाइन स्पिनिंग रिळावर, म्हणजे फेकताना फिरकी स्थिर राहणाऱ्या रिळावर, असाव्यात. जर्कबेटसाठी (हिसके देत चालवायचे माशासारखे आमिष) ८ ते १२, क्रँकबेटसाठी १० ते १२, स्पिनरबेटसाठी (फिरत्या चकत्यांचे आमिष) १५ च्या आसपास, खडकाळ तळावरील जड जिगसाठी १५ ते २०, आणि झुडपात किंवा खोडांच्या दाटीत आमिष सोडायचे असेल तर २० ते २५ पौंड असा साधारण प्रघात आहे. क्रँकबेटच्या बाबतीत जाडीला आणखी एक अर्थ आहे : बारीक लाइनला पाण्याचा विरोध कमी होतो, त्यामुळे तेच आमिष एखाद-दुसरा फूट अधिक खोल जाते. दहा फुटांवरच्या खडकाला आमिष टेकत नसेल, तर नवे आमिष विकत घेण्याआधी लाइन एक पायरी बारीक करून पाहावी.

फ्लोरिडातील ओकीचोबीसारख्या उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या सरोवराचा विचार वेगळा करावा लागतो. तेथील गवताच्या चटईवरून बेडकाच्या आकाराचे आमिष चालवायचे, तर ५० ते ६५ पौंडांची ब्रेडेड लाइनच हवी. ती गवत कापत जाते. फ्लुरोकार्बन तिथे अडकते.

दोन कंपन्यांच्या १२ पौंडी लाइन हाताला वेगळ्या का लागतात?

कारण डब्यावरचा पौंडाचा आकडा हा सर्वत्र एकाच पद्धतीने ठरवलेला नसतो. काही उत्पादक सावधपणे कमी आकडा छापतात, त्यामुळे त्यांची ‘१२ पौंडी’ लाइन प्रत्यक्षात जाड असते आणि पंधरा पौंडांनाही दाद देत नाही. काहींची छापल्याप्रमाणे तुटते. म्हणून तुलना करताना मिलिमीटरमधला व्यास पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. फेक किती लांब जाईल, आमिष किती खोल जाईल, रिळावर किती लाइन मावेल आणि घासल्यावर किती शिल्लक राहील, हे सगळे व्यासावर ठरते.

जपानी लाइनवर व्यासासाठी ‘गो’ हे माप असते आणि ते फार सोयीचे आहे. एक गो म्हणजे ०.१६५ मिलिमीटर, दोन गो ०.२३५, तीन गो ०.२८५, चार गो ०.३३० आणि पाच गो ०.३७० मिलिमीटर. अमेरिकी डब्यांवरील ८ पौंड दोन गोच्या जवळपास, १२ पौंड तीन गोच्या, १६ पौंड चार गोच्या आणि २० पौंड पाच गोच्या जवळपास येतात. सीगार, सनलाइन आणि तोरे ही तिन्ही नावे जपानची असल्याने हे कोष्टक लक्षात ठेवलेले बरे. बासच्या जागतिक विक्रमातही जपानचा वाटा आहे : जॉर्ज पेरी यांनी जॉर्जिया राज्यात २ जून १९३२ रोजी पकडलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या बासची बरोबरी मनाबू कुरिता यांनी २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात केली.

कोणत्या आमिषासाठी फ्लुरोकार्बन वापरू नये?

पाण्यावर चालणाऱ्या आमिषांसाठी. पॉपर किंवा डावी-उजवीकडे डुलत चालणारे आमिष पृष्ठभागावर राहिले तरच काम करते. बुडणारी लाइन त्याचे नाक खाली ओढते आणि त्याची चाल बिघडते. तिथे नायलॉन किंवा ब्रेडेड लाइन लावावी. उलट, पाण्याच्या मधल्या थरात स्थिर राहणाऱ्या जर्कबेटला फ्लुरोकार्बनचे वजन थोडे खाली धरते, आणि थंड पाण्यात ते सहसा पथ्यावरच पडते.

स्पिनिंग रिळावरून तिची वेटोळी उड्या मारून बाहेर येतात. उपाय काय?

बहुतेक वेळा जाडी चुकलेली असते. २५०० आकाराच्या रिळावर ८ पौंडांपेक्षा जाड फ्लुरोकार्बन भरली, तर ती छोट्या फिरकीवर वळायला नाखूश असते आणि संधी मिळताच स्प्रिंगसारखी उसळते. दुसरे कारण काठोकाठ भरण्याचे : फिरकीच्या कडेपासून सुमारे तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. भरताना ओल्या फडक्यातून लाइन दाबून घ्यावी म्हणजे ती सैल बसत नाही, आणि डब्यावरून ज्या दिशेने उलगडते त्याच दिशेने रिळावर चढते आहे ना, हे पहिल्या वीस-पंचवीस वेढ्यांनंतर थांबून तपासावे. लाइन सैल सोडल्यावर ती स्वतःभोवती पिळली, तर डबा उलटा करावा. भरलेली फिरकी काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवल्यानेही लाइन नरमते. लाइनवर मारायचे फवारे बाजारात मिळतात व त्यांचा उपयोग होतो, पण जाडी चुकली असेल तर फवाऱ्याने ती दुरुस्त होत नाही.

बेटकास्टरवर गुंता झाला, तर तो घाईने ओढू नये. फ्लुरोकार्बनच्या अडकलेल्या फासाला हिसका बसला की तिथे एक पांढरट, चपटी मोड पडते. नखाखालून लाइन सरकवली की ती मोड लागते. पुढच्या जोरदार फेकीत लाइन नेमकी तिथेच तुटते आणि पंधरा डॉलरचे आमिष एकटेच तलावात जाते. मोड सापडली की तिथपर्यंत लाइन कापून टाकावी.

पूर्ण रीळ भरावे, की ब्रेडेड लाइनला फक्त लीडर जोडावा?

स्पिनिंग रिळासाठी लीडरच बरा, असे माझे मत आहे. १० ते १५ पौंडांची बारीक ब्रेडेड लाइन आणि तिच्या पुढे ६ ते १० पौंडांची दोन-तीन मीटर फ्लुरोकार्बन, ही जोडी फेकायला सोपी, वेटोळ्यांपासून मुक्त आणि खर्चालाही परवडणारी आहे. जोडासाठी डबल युनी गाठ शिकायला सोपी. एफजी गाठ अधिक सडपातळ बसते आणि रॉडच्या कड्यांतून अलगद जाते, पण बोटीत वाऱ्यात बसून ती बांधणे हे संयमाचे काम आहे.

बेटकास्टरवर तळाची आमिषे चालवताना मात्र पूर्ण फ्लुरोकार्बन भरावी, कारण आधी सांगितलेला सरळ बुडण्याचा गुण दोन मीटरच्या लीडरने मिळत नाही. पैसे वाचवायचे असतील, तर फिरकीचा खालचा अर्धा भाग स्वस्त नायलॉनने भरून वर साधारण शंभर यार्ड फ्लुरोकार्बन जोडावी. बास पकडताना त्यापुढची लाइन क्वचितच बाहेर येते.

लीडर म्हणून छोट्या चपट्या रिळांवर विकली जाणारी फ्लुरोकार्बन बहुधा अधिक कडक केलेली असते. ती मुख्य लाइन म्हणून भरू नये.

गाठ कोणती मारावी, आणि ती सुटते का?

फ्लुरोकार्बनवर नाराज झालेल्या बहुतेकांची तक्रार प्रत्यक्षात गाठीची असते. ही लाइन कडक व गुळगुळीत असल्याने गाठ नीट बसत नाही, आणि कोरडी ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने स्वतःलाच इजा करून घेते. म्हणून गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने किंवा पाण्याने भिजवावी आणि झटका न देता सावकाश आवळावी. हा नियम लाइनच्या किमतीपेक्षा महत्त्वाचा आहे.

पालोमार गाठ पुरेशी भरवशाची आहे. सुमारे १५ सेंटिमीटर लाइन दुमडून दुहेरी करावी, तो दुहेरी फास गळाच्या डोळ्यातून काढावा, दुहेरी लाइनचीच एक साधी सैल गाठ मारावी आणि फासाच्या पोकळीतून अख्खा गळ पार करावा; मग भिजवून मुख्य लाइन आणि मोकळे टोक सोबतच ओढावे. दुहेरी लाइनचे दोन पदर एकमेकांवर आडवे चढू देऊ नयेत, कारण आवळताना वरचा पदर खालच्याला कापतो. तीन गळ असलेले मोठे आमिष फासातून पार करणे अडचणीचे असल्याने तिथे पाच वेढ्यांची सुधारित क्लिंच किंवा सॅन दिएगो जॅम गाठ बरी. गाठ झाल्यावर भिंगातून पाहायची गरज नसते : वेढे एकाशेजारी एक ओळीने बसले असतील तर ठीक, एखादा वेढा दुसऱ्यावर चढलेला किंवा लाइन गाठीपाशी कुरळी झालेली दिसली, तर कापून पुन्हा मारावी.

लाइन तुटली. चूक कुठे झाली हे कसे ओळखावे?

तुटलेले टोक हातात घेऊन पाहावे. टोक डुकराच्या शेपटीसारखे वळले असेल, तर गाठ सरकून सुटली आहे. टोकाजवळचा भाग खरखरीत, पांढुरका आणि तंतू निघालेला असेल, तर लाइन खडकावर किंवा शिंपल्यावर घासली. गाठीपासून दूर, मधेच स्वच्छ तुटली असेल, तर जुनी मोड, खाच किंवा आधीचा अति ताण कारणीभूत असतो. अशा वेळी रॉडच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवावा, कारण तडा गेलेल्या कडीच्या काठात त्याचे तंतू अडकतात. चौथी शक्यता ड्रॅगची, म्हणजे रिळाच्या ब्रेकची : तो लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश ओढीवर सुटेल असा ठेवावा, म्हणजे १२ पौंडांसाठी तीन-चार पौंडांवर.

बासचे दात लाइन कापत नाहीत. ते खरखरीत कागदासारखे असतात, म्हणून तर त्याचा खालचा ओठ अंगठ्याने धरता येतो. मात्र त्याच तलावात पिकेरेल किंवा पाइक हे धारदार दातांचे मासे असतील तर स्वच्छ कापलेले टोक त्यांचे असू शकते.

महाग लाइन घेण्यात अर्थ आहे का?

२०० यार्डांचा डबा साधारण १२-१५ डॉलरपासून मिळतो आणि वरच्या श्रेणीत तीस डॉलरच्या पुढे जातो. महाग लाइन सहसा मऊ असते, गाठ चांगली धरते आणि तिचा व्यास सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असतो. जो दर महिन्याला दोन-चारदा जातो, त्याने मधल्या किमतीची घेऊन ती वेळेवर बदलावी. तीस डॉलरची लाइन जपून दोन हंगाम चालवण्यापेक्षा ते शहाणपणाचे आहे. फक्त डब्यावर ‘१०० टक्के फ्लुरोकार्बन’ असे लिहिले आहे ना, ते पाहावे. नायलॉनवर फ्लुरोकार्बनचा लेप दिलेल्या लाइनही मिळतात. त्या वापरायला मऊ असतात, पण तशा बुडत नाहीत. खरी की खोटी हे पाहण्यासाठी लाइन जाळून बघण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो मानू नये, कारण या प्लास्टिकच्या ज्वलनातून हायड्रोजन फ्लुराइड हा विषारी वायू निघतो.

ती किती काळ टिकते, आणि जुनी लाइन कुठे टाकावी?

उन्हाने ती नायलॉनसारखी कुजत नाही. झिजते ती घासून आणि ताणून. प्रत्येक फेरीनंतर शेवटचे दोन मीटर बोटांतून ओढून पाहावेत आणि खडबडीत लागले तर कापावेत. वरचा भाग खराब झाला की आतला न वापरलेला भाग उलटवून वर आणता येतो.

न कुजण्याचा हाच गुण काठावर टाकलेल्या तुकड्यांच्या बाबतीत घातक ठरतो. त्यांत पक्ष्यांचे पाय आणि पंख अडकतात, आणि तुकडा वर्षानुवर्षे तसाच राहतो. अनेक तलावांच्या धक्क्यांवर जुन्या लाइनसाठी उभ्या नळ्या बसवलेल्या असतात. त्यात काय चालते ते पाटीवर लिहिलेले असते. नळी नसेल तर लाइन कात्रीने बोटाएवढी बारीक कापून घरच्या कचऱ्यात टाकावी.

भारतात सुटीवर येताना हीच लाइन जिताड्यासाठी आणावी का?

बाससाठी भरलेली १२ पौंडी लाइन रायगड किंवा रत्नागिरीच्या खाडीत पुरणार नाही. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची धार तीक्ष्ण असते, तोंड खरखरीत असते, आणि खाडीतील खडकांवर व जेटीच्या खांबांवर कालवांचे थर असतात. तिथे मुख्य लाइन ब्रेडेड ठेवून पुढे ४० पौंड किंवा त्याहून जाड फ्लुरोकार्बनचा मीटर-दीड मीटरचा लीडर जोडणे योग्य. लीडरचे एक छोटे रीळ सामानात सहज मावते. मासा सोडल्यावर किंवा काठावर घेतल्यावर लीडरवर नख फिरवावे, आणि कल्ल्याची खाच लागली तर पुढच्या फेकीआधी तो बदलावा.